गुह्यरक्षण आणि मित्ररक्षण

मित्राने एकांतात विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिसऱ्यापाशी बोलू नये, हा मैत्रीचा पहिला नियम होय. तो कोणी शिकवावा लागत नाही. लहान मुलेही तो आपसांत पाळतात आणि मोडणाऱ्यास खेळातून बाहेर काढतात. परंतु ज्या गोष्टीचे गोपन केल्याने खुद्द सांगणाऱ्याच्याच प्राणावर बेतणार असेल, तिच्या बाबतीतही हा नियम तसाच लागू होतो काय? होत नसेल, तर तो नेमका कोठे सुटतो, आणि तो सुटला हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? प्रस्तुत लेखात एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ शास्त्रचर्चेसाठी उपस्थित केलेला नाही. पुणे शहरात सदाशिव पेठ, नवी पेठ, शनिवार पेठ या भागांत बाहेरगावाहून आलेली हजारो मुले-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत राहतात. एका खोलीत तीन-चार खाटा, खाली अभ्यासिका, दोन वेळची खाणावळ, आणि गावाकडे शेत गहाण टाकून पैसे पाठविणारा बाप, असा हा संसार असतो. रात्री दिवा मालविल्यावर शेजारच्या खाटेवरचा मुलगा हळू आवाजात काही बोलतो आणि शेवटी म्हणतो, “हे कोणाला सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे.” अशा एका रात्रीनंतर काय करावे, असे एका उपदेशी कुटुंबातील विद्यार्थ्याने आम्हांस विचारले. त्याचा प्रश्न सरळ होता : शपथ मोडली तर पाप कोणाचे, आणि पाळली तर कोणाचे? तो विचार मांडताना आधी पूर्वपक्ष नीट ऐकून घेतला पाहिजे. कारण या विषयात ‘जीव वाचविण्यासाठी सर्व काही चालते’ असे झटपट उत्तर देणारे पुष्कळ असतात, आणि ते उत्तर पुरे नाही.

पूर्वपक्षाचे सर्वांत बळकट उदाहरण महाभारताच्या उद्योगपर्वात आहे, आणि ते खुद्द भगवान श्रीकृष्णांचे आहे. हस्तिनापुरातील शिष्टाई निष्फळ झाल्यावर परतताना श्रीकृष्णांनी कर्णाला आपल्या रथात घेतले आणि तो कुंतीचा ज्येष्ठ पुत्र आहे हे त्यास सांगितले. पांडव तुझे पाय धरतील, राज्य तुझे होईल, असेही सांगितले. कर्णाने ते नाकारले. आपण ज्याचे अन्न खाल्ले त्याला ऐन वेळी सोडणार नाही, असे तो म्हणाला. युद्धाचा शेवट काय होणार हेही आपल्याला ठाऊक आहे, असे म्हणाला. आणि शेवटी एक विनंती केली की हा वृत्तांत युधिष्ठिराला कळू देऊ नये. त्याला कळले तर तो राज्य घेणार नाही, मला देईल, आणि मी ते दुर्योधनाला देईन, असे त्याचे कारण होते. श्रीकृष्णांनी ते गुह्य राखले. एक शब्द उच्चारला असता तर कर्णाचे प्राण कदाचित वाचले असते, कदाचित युद्धही टळले असते. तरीही ते बोलले नाहीत.

या मौनाची किंमत महाभारतकारांनी लपविलेली नाही. युद्ध संपल्यावर मृतांना उदक देण्याच्या वेळी कुंतीने खरे सांगितले, तेव्हा युधिष्ठिराचा शोक अनावर झाला आणि त्याने समस्त स्त्रीजातीला ‘तुमच्या पोटात गुह्य राहणार नाही’ असा शाप दिला. शोकाच्या भरात दिलेल्या या शापाचे लोकांत आजही हसून दाखले देतात. परंतु ज्या माउलीने आयुष्यभर ते गुह्य पोटात ठेवले तिच्यासमोर तो उच्चारला गेला, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. असो. सांगावयाचा मुद्दा हा की, मित्राच्या मृत्यूची शक्यता दिसत असूनही गुह्य राखल्याचे उदाहरण आपल्यासमोर आहे, आणि ते राखणारी व्यक्ती सामान्य नव्हे. म्हणून ‘धोका दिसला की सांगून टाकावे’ असा सरधोपट नियम करता येणार नाही.

आता त्याच महाभारतातील दुसरा प्रसंग पाहू. कर्णपर्वात, कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात परतला. अर्जुन त्याच्या समाचाराला आला. कर्ण मारला गेला असे समजून युधिष्ठिर आनंदला, आणि तसे झालेले नाही हे कळताच संतापला. ‘तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक’ असे तो बोलून गेला. अर्जुनाचे एक उपांशुव्रत होते, म्हणजे मनातल्या मनात घेतलेली, गाजावाजा न केलेली प्रतिज्ञा : गांडीव दुसऱ्यास दे असे जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करीन. त्याने खड्ग उपसले. शेजारी उभ्या असलेल्या श्रीकृष्णांनी प्रथम काय केले? त्यांनी विचारले, “येथे शत्रू कोणी दिसत नाही, मग खड्ग कशासाठी?” प्रश्न विचारल्यामुळे प्रतिज्ञा बाहेर आली, आणि ती बाहेर आल्यामुळे तिचा विचार करता आला.

तेव्हा सांगितलेली कौशिकाची कथा वाचकांस परिचित असेल. कौशिक नावाच्या तपस्व्याने नेहमी सत्यच बोलावयाचे असे व्रत घेतले होते. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे अरण्यात लपली. दरोडेखोरांनी कौशिकाला विचारले, आणि त्याने आपल्या व्रताप्रमाणे जागा दाखविली. माणसे मारली गेली. कौशिकाला त्या सत्याचे फळ म्हणून नरक मिळाला. ही कथा बहुधा ‘प्रसंगी असत्य बोलावे’ या बाजूने सांगितली जाते. आमच्या मते तिचा रोख वेगळा आहे. कौशिकाचा दोष असा की त्याने आपले व्रत पाहिले आणि लपलेली माणसे पाहिली नाहीत. व्रत शुद्ध राहिले एवढ्यावर तो समाधानी होता. ‘मी कोणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता, तो मी पाळला’ असे मित्राच्या तेराव्याला म्हणणारा मनुष्य कौशिकाच्याच वंशातला, इतकेच की हा मौनाने तेथे पोहोचला आणि तो वाणीने.

परंतु आपल्या विषयाला सर्वांत जवळचा भाग याच्याही पुढचा आहे, आणि कीर्तनांत तो फारसा येत नाही. ज्येष्ठाचा अपमान हा त्याचा वधच होय, असे सांगून श्रीकृष्णांनी अर्जुनाकडून युधिष्ठिराला ‘तू’ म्हणवून अवमानाचे शब्द बोलविले. प्रतिज्ञा अशा रीतीने निभावली गेली. त्यानंतर अर्जुनाने खड्ग पुन्हा उपसले. श्रीकृष्णांनी पुन्हा विचारले, “आता कशासाठी?” अर्जुन उत्तरला की ज्या देहाने थोरल्या भावाचा असा अपमान केला तो देहच नष्ट करतो. म्हणजे जगातील अग्रगण्य धनुर्धर, क्षणापूर्वी दुसऱ्याचा जीव घेण्यास निघालेला, क्षणानंतर स्वतःचा जीव घेण्यास सिद्ध झाला. श्रीकृष्णांनी त्यास धिक्कारले नाही, की ‘तुझा देह, तुझी इच्छा’ म्हणून ते दूरही झाले नाहीत. आत्मस्तुती हाच आत्मवध, म्हणून स्वतःचे गुण स्वतः बोलून दाखव, अशी वाट त्यांनी काढली. अर्जुन आपला पराक्रम बोलू लागला आणि खड्ग म्यानात गेले. मग युधिष्ठिरच विषण्ण होऊन वनात जावयास निघाला, तेव्हा श्रीकृष्णांनी त्यास त्या अपमानामागचे कारण, म्हणजे अर्जुनाची प्रतिज्ञा, समजावून सांगितली.

येथे शंका उत्पन्न होते ती अशी. एकच श्रीकृष्ण कर्णाच्या बाबतीत मौन धरतात आणि अर्जुनाच्या बाबतीत मध्ये पडतात, बोलतात, बोलवितात. यात पक्षपात नाही काय? एक परका, दुसरा सखा, एवढाच भेद असेल तर त्यातून आपणांस शिकण्यासारखे काही नाही. परंतु दोघांच्या मनःस्थितीकडे पाहावे. कर्णाने प्रस्ताव पुरा ऐकून घेतला. दुसरी वाट त्याला दाखविली गेली होती, ती दिसत असताना त्याने नाकारली. आपल्या नकाराची कारणे तो शांतपणे देतो, त्या कारणांत दुसऱ्यांचे हित आणि दिलेला शब्द आहे, आणि त्यात मरणाची ओढ नाही. मरण हे त्या निष्ठेचे मूल्य म्हणून तो स्वीकारतो. त्याची बुद्धी काल जी होती तीच आज आहे, तीच उद्याही राहणार आहे. शिवाय ते गुह्य एकट्या कर्णाचे नव्हते. ते कुंतीचेही होते. अर्जुनाचे तसे नाही. घटकेपूर्वी त्याच्या मनात मरणाचा विचारही नव्हता. एका आघाताने त्याच्या पुढच्या सर्व वाटा बुजल्या आणि एकच उरली. ती वाट त्याने निवडलेली नव्हती. बाकीच्या दिसेनाशा झाल्या होत्या. अशा माणसाच्या निश्चयाला निश्चय म्हणणे हाच शब्दाचा दुरुपयोग आहे. आणि म्हणूनच, अशा अवस्थेत कोणी ‘कोणास सांगू नकोस’ म्हणतो तेव्हा ते शब्दही त्याच दुखण्याचा भाग असतात. ज्वरात बडबडणारा रोगी पांघरूण फेकून देतो म्हणून आपण ते फेकू देत नाही.

आता गोपन कशासाठी, हे मुळातून पाहू. या बाबतीत आमच्या संप्रदायाइतका दीर्घ अनुभव महाराष्ट्रात दुसऱ्या कोणास असेल असे वाटत नाही. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अनधिकारी माणसाच्या हाती पडून शास्त्राची विटंबना होऊ नये, पाठ भ्रष्ट होऊ नये, हा हेतू. त्या गोपनाने ग्रंथ शुद्ध राहिले, यात संशय नाही. पण पुढे असा काळ आला की ग्रंथ कोणास वाचता येत नाहीत म्हणूनच पंथाविषयी वाटेल ते बोलले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या १९१९ च्या आवृत्तीत या वाङ्मयाचा परिचय मराठी वाचकांस करून दिला, आणि पंथातील काही महंतांनीही पोथ्या दाखविल्या. त्यांच्यावर पंथातून रोष झाला नसेल असे नाही. तथापि त्यांनी जाणले होते की लिपी शास्त्रासाठी आहे, शास्त्र लिपीसाठी नाही. ज्या वस्तूच्या रक्षणासाठी कुलूप लावले तीच आत गुदमरू लागली, तर कुलपाशी इमान राखण्यात अर्थ नाही.

हीच गोष्ट सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या ससिकरक्षणाच्या लीळेवरून अधिक स्पष्ट होते. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली लपला. पारधी आले, ससा मागू लागले. स्वामींनी तो दिला नाही; शरण आलेल्यास सोडावयाचे नसते, ही स्वामींची भूमिका. नंतर त्यांनी पारध्यांनाच असे समजाविले की त्यांनी हिंसाच टाकली. ही लीळा आपण अहिंसेच्या निरूपणात नेहमी सांगतो. आमच्या प्रश्नाला तिचा उपयोग असा की, येथे शरण कोण आले हे पाहावयाचे. रात्री अंधारात जो मित्र आपले दुःख सांगतो तो स्वतः आपल्या आश्रयाला आलेला असतो. त्याचे शब्द म्हणजे केवळ तो आत आला ते दार. शब्द सांभाळले आणि माणूस बाहेर पडू दिला, तर आपण शरणागताला सोडले, असेच म्हणावे लागेल. फरक इतकाच की येथे पारधी बाहेरून आलेला नाही. तो त्या मित्राच्याच मनात आहे, म्हणून तो आपल्याकडे ससा मागत नाही; फक्त गप्प राहावयास सांगतो.

आतापर्यंत सांगणाऱ्याच्या स्वतःच्या प्राणाचा विचार झाला. मित्राच्या गुह्यात दुसऱ्याचा जीव गुंतलेला असेल तर काय, याचे उदाहरण याच शहराने भोगलेले आहे. १९७६ च्या जानेवारीत टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी आपल्याच परिचयातील प्रकाश हेगडे याला नेऊन ठार मारले. त्या कृत्याची माहिती असलेल्यांनी ती बाहेर फुटू दिली नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस विजयानगर वसाहतीतील जोशी कुटुंबातील तिघे मारले गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील ‘स्मृती’ बंगल्यात काशीनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नातू, नात आणि घरकाम करणारी बाई अशा पाच जणांची हत्या झाली. ज्या घराण्याने पातंजल महाभाष्य मराठीत आणले, ज्यांच्या व्याकरणकोशावाचून संस्कृतच्या अभ्यासकाचे आजही चालत नाही, त्या शास्त्रीबोवांचा असा अंत झाला. मार्च १९७७ मध्ये आणखी एक तरुण गेला, आणि मग आरोपी पकडले गेले. सत्र न्यायालयाने १९७८ साली चौघांना फाशीची शिक्षा दिली. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी ती येरवड्यात अंमलात आली. त्या मंडळीतील पाचवा मित्र, जो पहिल्या प्रकरणात त्यांच्याबरोबर होता, तो माफीचा साक्षीदार झाला. त्याच्या चौदा महिन्यांच्या मौनात मैत्री किती, धाक किती आणि स्वतःची मान वाचविण्याची इच्छा किती, याची वाटणी करणे आमचे काम नव्हे. पहिल्या हत्येनंतर त्या मौनाच्या छायेखाली आणखी नऊ माणसे मेली, एवढे गणित मात्र कोणासही करता येते. त्या वेळी अंमलात असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ प्रमाणे खुनाची किंवा खुनाच्या बेताची माहिती असणाऱ्या प्रत्येक माणसावर ती कळविण्याचे बंधन होते; आजच्या संहितेतही ते आहे. कायदा पति-पत्नींमधील बोलण्याला आणि वकिलापाशी बोललेल्याला संरक्षण देतो. मित्राला अशी ढाल नाही.

योगायोग असा की त्याच १९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावर एक गाजलेला निर्णय दिला. भारतातून तेथे शिकावयास गेलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या मनोवैद्यापाशी एका तरुणीस मारण्याचा विचार बोलून दाखविला होता. वैद्यांनी विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले, पण त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणी सावध केले नाही, आणि १९६९ मध्ये ती मारली गेली. न्यायालयाने म्हटले की जिच्यावर संकट आहे तिच्या रक्षणाची वाजवी खबरदारी घेणे हे वैद्याचे कर्तव्य आहे, आणि रोग्याच्या गुह्याची मर्यादा तेथे संपते. येथे एक गोष्ट आम्हांस विचारार्ह वाटते. वैद्य बोलले होते. पण जेथे बोलावयास हवे होते तेथे शब्द पोहोचला नाही.

म्हणून सांगावे की नाही यापेक्षा कोणास आणि किती सांगावे हा प्रश्न अधिक कठीण, आणि चुका बहुधा तेथेच होतात. आपल्याकडे गुह्य फुटते ते असे : खोलीतला मुलगा घाबरतो, तो दुसऱ्या मित्राला सांगतो, तो तिसऱ्याला, आणि तिसऱ्या दिवशी खाणावळीत सर्वांना ठाऊक होते, ज्याने काही करावयाचे त्याला मात्र कळत नाही. हे रक्षण नव्हे. आपल्या छातीवरचा दगड दुसऱ्याच्या छातीवर ठेवणे एवढाच त्याचा अर्थ. त्यात पुष्कळदा एक सूक्ष्म विकारही असतो. मोठी बातमी आपल्याला आधी कळली याचे सुख असते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, ज्याच्या मसुद्यास पुण्याच्याच इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने साहाय्य केले, त्याच्या कलम २३ मध्ये वैद्यांसाठी जी मर्यादा घातली आहे ती मित्रानेही उचलावी अशी आहे : प्राणाचा धोका टाळण्यासाठी जेवढे आवश्यक तेवढेच सांगावे. मुलगा कर्जात आहे, की कोणा मुलीने नकार दिला, की तिसऱ्यांदा परीक्षेत नापास झाला, हे सारे सांगण्याची गरज नसते. ‘आज रात्री त्याला एकटे ठेवणे बरे नाही, त्याने स्वतःचे बरेवाईट करण्याचे बोलून दाखविले आहे’ एवढे पुरते. बाकीचे त्याचे त्याने, त्याला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला सांगावे.

कोणास सांगावे, याचे उत्तर ‘आईवडिलांना’ असे चटकन दिले जाते. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण नेहमी नाही. एखाद्या मुलीचे दुःख असे असू शकते की तिने परजातीत मन गुंतविले आहे आणि घरी कळले तर आपला जीव जाईल अशी तिला भीती आहे. आपल्या महाराष्ट्रात अशी भीती निराधार असते असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. अशा वेळी घरी सांगणे म्हणजे कौशिकाप्रमाणे जागा दाखविणेच होय. ज्याच्या हातून रक्षण होईल त्यालाच सांगावे. नाते जवळचे की दूरचे हे पाहू नये. कोणी समंजस अध्यापक असेल, वसतिगृहाची अधीक्षिका असेल, वैद्य असेल. कोणीच नसेल तर केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या ‘टेली मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते, आणि तेथे मित्राला स्वतःसाठीही सल्ला विचारता येतो. पूर्वी एक भीती खरी होती. दंड संहितेच्या कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. सांगावे तर पोलीस येतील, मुलाच्या नोकरीचे वाटोळे होईल, म्हणून जाणते लोकही तोंड मिटून बसत. वर उल्लेखिलेला अधिनियम २९ मे २०१८ पासून अंमलात आला, त्याच्या कलम ११५ ने असा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे मानावयास सांगितले आणि शिक्षेची टांगती तलवार दूर केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर ते जुने कलम उरलेलेच नाही. सरकारी सेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. ही गोष्ट खेड्यापाड्यांत अद्याप पोहोचलेली नाही. प्रवचनकारांनी ती ओघात सांगितली तर अनुचित होणार नाही.

याच्या उलट बाजूचीही सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘त्याच्याच भल्यासाठी सांगितले’ हे वाक्य जगात फार स्वस्त झाले आहे. मित्र विडी ओढतो, मित्राने नोकरी सोडावयाचे ठरविले, मित्राची श्रद्धा डळमळली, यांपैकी कशातही प्राणाचे भय नाही, आणि तेथे गुह्य फोडणे हा निव्वळ विश्वासघात होय. आश्रमांतले उदाहरण द्यावयाचे तर, एखाद्या तरुण साधकाने बरोबरीच्या साधकाला सांगितले की आपले मन येथे रमत नाही, घरी परत जावेसे वाटते. ऐकणारा उठून महंतांकडे जातो आणि मानतो की आपण त्याचा परमार्थ वाचविला. त्याने तसे काही केलेले नसते. तो साधक अंधारात बुडालेला नसून विचार करीत होता, आणि विचार करणाऱ्याला विचार करावयास निवांतपणा हवा असतो. तेथे कर्णाचा न्याय लागतो. मात्र तोच साधक जेवणे सोडून देतो, आपली पोथी, वस्त्रे दुसऱ्यांना वाटून टाकतो, झोपत नाही, आणि ‘आता सगळे लवकरच संपेल’ असे शांतपणे म्हणतो, तर त्या शांतपणाला वैराग्य समजण्याची चूक करू नये. अशा वेळी श्रीकृष्णांनी विचारले तसे सरळ विचारावे : खड्ग कशासाठी? तू मरणाचा विचार करतो आहेस काय? विचारल्याने तो विचार मनात नव्याने शिरतो, हा समज खरा नाही, असे मनोवैद्य सांगतात. विचारल्याने बहुधा बांध फुटतो.

राहिला शपथेचा प्रश्न. ज्या विद्यार्थ्याने तो विचारला त्याने शपथ आधी घेतली आणि गोष्ट मागाहून ऐकली. न पाहिलेल्या कागदावर सही करावी तसे हे झाले. मित्र ‘आधी वचन दे’ म्हणतो तेव्हा ‘तुझ्या जिवाला धोका नसेल तर कोणाला सांगणार नाही’ एवढेच वचन द्यावे. एवढे ऐकून बोलावयाचे थांबणारे थोडे. आणि वचन देऊन चुकल्यावर ते मोडावे लागले, तर चोरून मोडू नये. मित्राला तोंडावर सांगावे की मी हे अमक्याला सांगणार आहे, तू बरोबर चल. तो येईल किंवा येणार नाही, शिव्या देईल. चोरून सांगितलेले मागाहून कळते तेव्हा त्याच्या मनात ‘जगात कोणीच आपले नाही’ हा जो विचार आधीच असतो, त्याला आपणच पुरावा जोडून देतो. समोर सांगितले तर निदान तेवढे होत नाही. मोडलेल्या शब्दाचा दोष लागतो काय, असे विचाराल तर लागतो, असेच आमचे मत आहे. वचन मोडणे हे कोणत्याही कारणाने निर्मळ होत नाही. ज्येष्ठाला ‘तू’ म्हणून अर्जुनालाही समाधान वाटले नव्हते. तो दोष पत्करावयाचा असतो, नाकारावयाचा नसतो. दोन दोषांपैकी जो आपल्याच अंगावर राहतो तो घ्यावा आणि जो दुसऱ्याच्या प्राणावर जातो तो टाळावा, एवढाच येथे विवेक.

सांगितल्यावर काम संपले असेही नाही. पुष्कळांची समजूत अशी की डॉक्टरांकडे नेले, घरची माणसे आली, आता आपण मोकळे. वास्तविक मित्राला एकटेपणा सर्वांत अधिक जाणवतो तो यानंतरच. गुपित उघडे पडलेले असते, गावाकडून आलेले काका खोलीत बसून उपदेश करीत असतात, आणि ज्याच्यावर विश्वास टाकला तोच तेवढा डोळे चुकवीत असतो. त्याने डोळे चुकवू नयेत. मित्र आठ महिने बोलला नाही तरी त्याच्या ताटाशेजारी आपले ताट मांडावे.

आणि ज्याने सांगितले नाही, आणि मित्र गेला, त्याचे काय? अशी मुले या शहरात आहेत. दहाव्या दिवशी नातलगांपैकी कोणीतरी त्याला चारचौघांत विचारतो, “तुला ठाऊक होते ना?” तो प्रश्न विचारू नये. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या हाती मध्यरात्री एक ओझे दिले गेले, आणि ते खाली ठेवण्याची जागा असते हे त्याला घरी, शाळेत, मठात, कोठेही कोणी सांगितलेले नव्हते. युधिष्ठिराने शोकात आपल्या मातेला शाप दिला. विदुर, धौम्य, व्यास असे जाणते लोक तेव्हा जवळ होते. या मुलाजवळ पहिले काही महिने कोणीतरी जाणते असावे, त्याच्याकडून ती रात्र पुनःपुन्हा ऐकून घ्यावी, आणि तो ‘हे कोणाला सांगू नका’ म्हणाला तर, त्याच्या स्वतःच्या जिवाला धोका नाही याची खात्री करून घेऊन, कोणाला सांगू नये.